आधी वाचक जोडा, मग पुस्तक काढा

सौसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा, पांढुर्णा, तिगाव, नांदनवाडी. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात गेलो की चहा संपायच्या आत कुणीतरी पिशवीतून वही काढतं. कविता असतात, कथा असतात, एखाद्या बाईंनी आजीकडून ऐकलेली जात्यावरची गाणी उतरवून त्यात स्वतःच्या ओळी घातलेल्या असतात. दोन-चार पानं वाचून झाली की प्रश्न ठरलेला: "सर, पुस्तक काढायचं आहे, खर्च किती येईल?"

खर्चाचा आकडा सांगता येतो. पण मी आधी विचारतो, की तुमचं लिहिलेलं आजवर घराबाहेरच्या किती माणसांनी वाचलं? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. ज्याला लेखक म्हणून उभं राहायचं आहे त्याने पैसा जमवण्याआधी माणसं जमवावीत, एवढंच मला सांगायचं आहे. ती कशी जमवायची हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः हे काम उलट्या क्रमाने केलं आणि त्याची किंमत मोजली.

माझा पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाचं पत्र आलं, छपाईचा खर्च तुम्ही द्या, वितरण आम्ही करू. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि पैसे पाठवले. ५०० प्रती छापल्या. महिन्याभराने ट्रान्सपोर्टच्या गाडीने त्यातल्या ४५० प्रती माझ्याच दारात आणून उतरवल्या. वितरण झालं ते एवढंच. गावात प्रकाशन समारंभ केला. शाल, श्रीफळ, पाहुण्यांची लांबलेली भाषणं आणि शेवटी आलुपोहे. शंभरेक प्रती सह्या करून वाटल्या. दोन वर्षांनी शेजाऱ्याला विचारलं, कोणती कथा आवडली? माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "वाचाचं राहूनच गेलं जी. तुमी देल्लं म्हणून कपाटात जपून ठेवलं हाये." बाकीचे गठ्ठे माळ्यावर गेले आणि एका पावसाळ्यात त्यांतल्या दोन गठ्ठ्यांना वाळवी लागली.

त्या प्रकाशकावर मी फार वर्षं चिडून होतो. आज वाटतं, त्याने शब्द पाळला नाही हे खरंच; पण त्या पुस्तकाची वाट पाहणारं एकही माणूस मी तयार केलेलं नव्हतं, हेही खरं.

आपल्या भागाची अडचण मला ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. तोवर राजधानी नागपुरात होती, ती भोपाळला गेली. घरात मराठी राहिली, शाळेत आणि कचेरीत हिंदी आली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तरी सरकारी कागद हिंदीतच निघतो. त्यामुळे इथला लिहिणारा दोन्हीकडे बिचकतो. पुण्या-मुंबईच्या मराठीपुढे त्याला आपली बोली गावठी वाटते आणि हिंदीच्या मंचावर आपण परके वाटतो. मग तो वही पिशवीत ठेवतो, किंवा एकदम पैसे भरून पुस्तक छापून टाकतो. या दोन्हींच्या मधला जो रस्ता आहे, त्यावरून आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला एक माणूस चालून गेलेला आहे.

तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. जन्म १९०९ चा. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले, भजनं म्हटली, लोकांशी बोलले. मराठीत रचना केल्या तशाच हिंदीतही केल्या. समोर बसलेल्यांना जी भाषा कळते ती वापरायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली, मासिक निघू लागलं. आणि 'ग्रामगीता' केव्हा आली? १९५५ साली. ४१ अध्यायांचा तो ग्रंथ लोकांच्या हातात पडला तेव्हा तो ऐकायला, वाचायला आणि दुसऱ्याला वाचून दाखवायला गावंच्या गावं आधीच तयार होती. एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, अशा रीतीने तो ग्रंथ अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंतही गेला. आज पुस्तकाच्या प्रसाराबद्दल जे जे शिकवलं जातं ते सगळं या एका उदाहरणात आहे, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, ते राष्ट्रसंत, आपण साधी माणसं. मान्य. पण दहा माणसांची बैठक घ्यायला संत असावं लागत नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर जमा. स्वतःचं लिहिलेलं एकाने फक्त पंधरा मिनिटं वाचावं. उरलेला वेळ दुसऱ्या कुणाचं चांगलं पुस्तक वाचावं. उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. १९६० साली आलेली ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत बोलते, आणि मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत तिची गणना होते. ती मोठ्याने वाचली की आपल्या बोलीची लाज आपोआप गळून पडते. मी अशा बैठकीत पाहिलंय, जी बाई कधी पुस्तक हातात धरत नव्हती ती 'धग'मधल्या कौतिकचं पुढे काय झालं म्हणून दुसऱ्या महिन्यात स्वतःहून आली.

बैठकीला येणाऱ्यांची एक नोंदवही ठेवा. नाव, गाव, फोन. कोणाला काय आवडलं, कोणती ओळ पुन्हा म्हणायला लावली, कुठे चुळबुळ सुरू झाली, हेही लिहा. वर्षभरात साठ-सत्तर नावं होतील. तुमच्या पहिल्या पुस्तकाचे वाचक ते हे. प्रकाशकाकडे कोणती यादी असते कोण जाणे, ही यादी मात्र तुमची आहे.

आता ओळखीपाळखीबद्दल. आपल्याकडे ओळख म्हटलं की वशिला डोळ्यांपुढे येतो. कुणातरी मोठ्याकडून प्रस्तावना मिळवायची, संपादकाला चिठ्ठी द्यायची, फोटो काढायचा. अशी ओळख दोन दिवस टिकत नाही. लिहिणाऱ्या माणसाची खरी ओळख त्याच्या मजकुरातून होते, हे मी दोन उदाहरणांवरून सांगतो. दोन्ही नागपूरकडचीच आहेत.

महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते. १९६७ साली त्यांची 'सुलतान' ही एकांकिका मुंबईच्या 'सत्यकथा' मासिकात छापून आली. ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आली आणि त्यांनी या नव्या लेखकाच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. छापून आलेली काही पानं नागपूरहून निघाली आणि नेमक्या माणसापर्यंत पोचली. चांगलं मासिक असं काम करतं. तुम्हाला जिथे पोचता येत नाही तिथे ते पोचतं.

दुसरं उदाहरण सुरेश भटांचं, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. भट अमरावतीचे, पुढे नागपुरात राहिले. नवी मुलं त्यांच्याकडे टपालाने गझला पाठवत आणि ते त्या तपासून परत पाठवत. गझलेचं तंत्र कळावं म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि मागेल त्याला ती पाठवली. मराठीत गझल लिहिणारी एक पिढीच्या पिढी अशा पत्रव्यवहारातून उभी राहिली. त्या मुलांना त्यांच्याकडून शिफारस नको होती. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, कुठे चुकला हे त्यांना जाणून घ्यायचं होतं, म्हणून भटांनीही वेळ दिला.

तेव्हा ज्या लेखकाची ओळख व्हावी असं वाटतं त्याचं पुस्तक आधी विकत घ्या, पूर्ण वाचा आणि मग पत्र लिहा. 'आपले लेखन अत्यंत आवडले' असलं पत्र लिहू नका. कोणती कथा, कोणता प्रसंग, आपल्या गावातली कोणती आठवण त्याने जागी झाली, ते लिहा. पहिल्या पत्रात स्वतःची कविता जोडू नका. दुसऱ्यातही नको. उत्तर आलं आणि बोलणं सुरू झालं, तर तो स्वतःच विचारेल, तुम्ही काही लिहिता का? आणि सकाळी सहा वाजता व्हॉट्सअपवर दीडशे जणांना कविता ढकलायची सवय सोडा. त्याने वाचक जुळत नाहीत, जुळलेले तुटतात.

साहित्य संमेलनाला जायचं का? जरूर जायचं. न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं, तेव्हापासूनची ही परंपरा. आपल्याच राज्यात ग्वाल्हेरला १९६१ साली कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, इंदूरला २००१ साली विजया राजाध्यक्ष. १४ जानेवारी १९२३ ला स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची शताब्दी झाली त्या वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, ९६ वं संमेलन वर्ध्याला भरलं. पांढुर्णा तर दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचं स्टेशन. नागपुरात उतरून वर्ध्याला जायला काय लागतं? तरी त्या वेळी मी आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांना विचारलं तर बरेच जण म्हणाले, "निमंत्रण नव्हतं." संमेलनाच्या मांडवात शिरायला निमंत्रण लागत नाही. ते फक्त व्यासपीठावर बसायला लागतं.

पहिल्या संमेलनाला ऐकायला जा. सकाळची ग्रंथदिंडी पाहा, पण तुमचा जास्तीत जास्त वेळ ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांवर गेला पाहिजे. कोणता प्रकाशक कसली पुस्तकं काढतो, कागद कसा वापरतो, बांधणी कशी करतो, किंमत काय ठेवतो, हे हाताळून कळतं. दुपारी दोन ते चार गर्दी पांगलेली असते. त्या वेळी गाळ्यावरचा माणूस बोलायला मोकळा असतो, आणि पुष्कळदा तो स्वतःच प्रकाशक असतो किंवा त्याचा भाऊ. एखादं पुस्तक घ्या आणि विचारा, कथासंग्रह पाठवायचा झाला तर कुणाच्या नावे आणि कसा पाठवू? या एका प्रश्नातून मला जेवढं कळलं तेवढं तीन परिसंवादांतून कळलं नव्हतं.

कवीकट्ट्यावर नाव द्यायला हरकत नाही. एकच कविता वाचा, दिलेल्या वेळेत वाचा, आणि वाचून झाली की खुर्ची सोडू नका. आपली कविता झाली की उठून जाणारे कवी मी शेकड्यांनी पाहिले. मागच्या रांगेत शेवटपर्यंत बसणाऱ्याला बाकीचे कवी लक्षात ठेवतात. तिथे चंद्रपूरचा एक, नांदेडचा एक, बेळगावचा एक असे तीन जण भेटले आणि वर्षभर पत्रव्यवहार राहिला, तरी संमेलनाचं भाडं वसूल झालं समजा. व्यासपीठावरच्या अध्यक्षांच्या हातात मात्र आपलं पुस्तक कोंबू नका. तीन दिवसांत त्यांच्याकडे पोतंभर पुस्तकं जमतात.

अखिल भारतीय संमेलन वर्षातून एकदाच येतं, आणि कुठेही भरतं. विदर्भ साहित्य संघाचे नागपुरातले कार्यक्रम मात्र सौसरहून ७० किलोमीटरच्या आसपास, सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखे. भोपाळला राज्याची मराठी साहित्य अकादमी आहे, इंदूरला महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था आहेत. आपण मध्य प्रदेशातले मराठी, म्हणजे आपल्याला दोन दारं आहेत. एकाच दाराशी रुसून बसण्यात हशील नाही.

लिहिणाऱ्या बहिणींना वेगळं सांगतो. एकटीने दोन दिवस बाहेर जाण्याला घरून नकार येतो हे मला माहीत आहे. दोघी-तिघी मिळून जा. पहिल्या वेळी नागपूरचा एक दिवसाचा कार्यक्रम निवडा. घरातल्यांनीही ऐकावं, की मुलीला परीक्षेला पोचवायला जसे आपण जातो तसे सुनेला, आईला कवितावाचनाला पोचवायला जायला काही हरकत नसावी.

मासिकं आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची पेरणी दिवाळीच्या आधी होत आली आहे. अंक दिवाळीत येतो, पण मजकूर जून-जुलैत पोचलेला बरा. आपल्याकडे गणपती बसले की लेखकाला दिवाळी अंक आठवतो, तोवर बहुतेक संपादकांची पानं भरलेली असतात. मागच्या वर्षीचा अंक वाचल्याशिवाय त्या अंकाला काही पाठवू नका. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. मजकूर यूनिकोडमध्ये टंकलेला असू द्या, कारण जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि संपादक ती बाजूला ठेवतो. नकार आला तर तो वहीत तारखेसकट नोंदवा आणि आठ दिवसांत तीच कथा पुन्हा वाचून दुसरीकडे धाडा. अशा सात-आठ कथा छापून आल्या, की प्रकाशकाशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

आणि आता करार. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण आपली माणसं इथेच बुडतात.

आपण संत्र्याच्या मुलखातले. झाडावरचा माल व्यापाऱ्याला देताना आपण काय विकतो? आंबिया नाहीतर मृग, तेवढा एक बहार विकतो. बगीचा विकत नाही, जमीन तर नाहीच नाही. पुढच्या वर्षी भाव वेगळा, व्यापारी वेगळा. हे शहाणपण शेतात असलेला माणूस प्रकाशकापुढे बसला की 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' अशा ओळीखाली सही करतो. म्हणजे सातबाराच लिहून देतो.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने पुष्कळ काही सांगतो. लिहिलेल्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीत त्याचा आणि मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. म्हणून सही करण्याआधी मुदत बघा, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती ते बघा, मानधन छापील किमतीवर की विक्रीवर आणि हिशेब वर्षातून कोणत्या महिन्यात देणार ते बघा. ईपुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक-सिनेमा हे वेगवेगळे बहार आहेत. प्रत्येकाचा सौदा वेगळा करा. हिंदी अनुवादाचा हक्क तर आपल्या भागातल्या लेखकाने सहजासहजी देऊच नये, कारण इथे दुसरा वाचक हिंदीचा आहे.

छपाईचे पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मी म्हणत नाही. काही जण सरळ सांगतात की आम्ही छापून देतो, विकणं तुमच्याकडे. त्यात वावगं काही नाही. पण मग दर फर्म्यामागे, म्हणजे सोळा पानांमागे, लावून घ्या, तीन छापखान्यांतून विचारा आणि 'वितरण' हा शब्द त्या व्यवहारात येऊ देऊ नका. 'आयएसबीएन मिळवून देतो' म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर सावध व्हा. तो क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून अर्ज करून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, पुस्तक चांगलं असल्याचा दाखला नव्हे.

स्वतः पुस्तक काढायचं ठरलं तर जुनी मराठी रीत वापरा, प्रकाशनपूर्व सवलत. मुंबईत १९७० च्या दशकात 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ उभी राहिली. वाचकांना सभासद करायचं, त्यांच्या बळावर पुस्तक काढायचं आणि गावोगाव नेऊन द्यायचं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली असं आलं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली. ज्या अनुभवांना मोठ्या दुकानांच्या काचेत जागा मिळाली नसती, त्यांना वाचकांनी जागा करून दिली. तुमच्या बैठकीच्या नोंदवहीतली ती सत्तर नावं आता कामाला येतात. २०० रुपये किमतीचं पुस्तक आधी नोंदवणाऱ्याला १४० ला द्या, पावती फाडा, तारीख सांगा आणि ती पाळा. सत्तर पावत्या फाटल्या तर २०० प्रती छापा. ५०० छापायचा मोह आवरा. संपल्या तर पुन्हा छापता येतात, वाळवीने खाल्लेल्या परत येत नाहीत.

दुकानदाराकडे ठेवायचं तर बहुधा ३५ ते ५० टक्के त्याला सोडावे लागतात. २०० च्या पुस्तकावर ४० टक्के गेले की १२० उरतात. त्यातून छपाईचे ७० वजा केले तर हाती ५० येतात, तेही विकल्यावर आणि वसूल झाल्यावर. मैफलीत, बैठकीत, शाळेच्या कार्यक्रमात हातोहात विकलेल्या प्रतीचे पूर्ण पैसे तुमच्याकडे येतात आणि वाचकाचा चेहराही दिसतो. फुकट वाटू नका. ज्याने ५० रुपये का होईना दिले, तो निदान पहिलं पान उलटतो. फुकट प्रत द्यायचीच तर परीक्षण लिहू शकेल अशा माणसाला, गावातल्या चालू असलेल्या वाचनालयाला आणि शाळेतल्या त्या एका शिक्षकाला द्या जो मुलांना वाचून दाखवतो. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं तुमचं काम आहे. कंटाळा करू नका. सौसरात लिहिलेलं पुस्तक देशाच्या ग्रंथालयात राहतं ते असंच.

टपालाचं जुनं छापील पुस्तकांचं स्वस्त नोंदणी-पाकीट २०२४ च्या अखेरीस बंद झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा छापील पुस्तकांसाठी ते आहे आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. पुण्याच्या वाचकाला एक प्रत पाठवणं त्यामुळे पुन्हा परवडू लागलं आहे. मोबाइलवरच्या वाचनाच्या जागा, किंडल, प्रतिलिपी वगैरे तरुण मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणतात. तिथे जरूर लिहावं, पण तिथल्या हजार पसंतींतून नोंदवहीत दहा नावं आली का, तेवढं तपासत राहावं.

शेवटी खरं मागणं. १९४३ साली अज्ञेयांनी 'तारसप्तक' संपादित केलं. सात कवी, एक पुस्तक, सहकारी तत्त्वावर. हिंदी कवितेला वळण देणाऱ्या त्या सातांपैकी दोघे मराठी घरांतले होते, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. मुक्तिबोधांचा स्वतंत्र कवितासंग्रह यायला १९६४ उजाडलं, आणि त्याच वर्षी ते गेले. पण एकवीस वर्षं आधीच त्या सातांच्या पुस्तकाने त्यांना वाचक दिले होते. त्यांचे भाऊ शरच्चंद्र नागपुरात मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळवून गेले. एका घरात दोन भाषा, दोन्हीकडे पहिल्या प्रतीचं लेखन. आपल्या घराघरात तर त्या दोन भाषा रोज नांदतात.

सौसर, पांढुर्णा आणि मधल्या गावांतून सात जण पुढे या. मराठी लिहिणारे, बोलीत लिहिणारे, आणि एखादा पवारी भोयरीत लिहिणारा मिळाला तर फार उत्तम. प्रत्येकाने वीस पानं द्यायची, आणि ती बाकीच्या सहांनी वाचून निर्दयपणे तपासायची. खर्च सारखा वाटून घ्यायचा. प्रत्येकाने आपल्या नोंदवहीतली तीस नावं आणायची. म्हणजे छपाईआधीच दोनशेच्या वर वाचक झाले.

आणि प्रकाशन समारंभ सभागृहात नको. जामसावळीला मंगळवारी, शनिवारी मारुतीच्या दर्शनाला नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसं येतात. देवस्थानाची परवानगी घेऊन रस्त्याच्या कडेला एक टेबल मांडू. टेबलावर चादर, पुस्तकांच्या वीस-वीसच्या थप्प्या, पावती पुस्तक, यूपीआयचा कागद, आणि त्या दिवशी प्रत सवलतीत १४० लाच द्यायची म्हणून दोनशेची नोट घेऊन येणाऱ्यासाठी सुट्टे साठ रुपये मोजून ठेवलेले. पाऊस आलाच तर संत्र्याच्या पेट्यांवर टाकतो ती ताडपत्री मी घेऊन येईन. सातांपैकी दोघांनी आळीपाळीने टेबलाशी उभं राहायचं, आणि जो थांबेल त्याला विकत घे म्हणायच्या आधी एक पान वाचून दाखवायचं.